काचेवरची जयणा

अक्षय्य तृतीयेला वर्षीतपाची पारणी झाली की चातुर्मासाची चाहूल लागते. ठाणे, डोंबिवली, कल्याण येथील व्यापारी कुटुंबांत या दिवसांत दुकानाचे पत्रे, गोदामाच्या ताडपत्र्या, छत्र्या यांची पाहणी होते. गाडीच्या वायपरकडे मात्र पहिली सर कोसळेपर्यंत कोणाचे लक्ष जात नाही. गाडी चारही चाकांना ताकद देणारी, फोर-व्हील-ड्राइव्ह असेल, तर ही बेफिकिरी अधिकच वाढते. चिखल, चढ आणि खड्डे यांतून ती सहज निघते. त्यामुळे मालकाला ती सर्वसमर्थ वाटू लागते. परंतु चारही चाकांना शक्ती मिळाली, तरी चालकाला रस्ता दिसतो तो एकाच काचेतून.

पावसाळ्यात जीवोत्पत्ती वाढते, म्हणून साधू-साध्वी विहार थांबवून एका ठिकाणी स्थिरावतात. चालतानाही पुढची साडेतीन-चार हात भूमी निरखूनच ते पाऊल टाकतात, हीच ईर्यासमिती. गृहस्थाचा व्यवहार मात्र थांबत नाही. भिवंडीच्या गोदामात जावे लागते. कसारा घाट चढून विल्होळीचे धर्मचक्र तीर्थ किंवा म्हसरूळचे गजपंथ गाठायचे असते. मुरबाडमार्गे माळशेज ओलांडून जुन्नरकडे जाणे होते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात १६ मीटरांहून अधिक अंतर तोडते. वायपरच्या एका फेरीनंतरही काच धूसर राहिली, तर तेवढे अंतर न पाहताच कापले जाते. त्या अंतरात पादचारी असू शकतो, गुरे असू शकतात, बंद पडलेला ट्रक असू शकतो. जयणा पाळायची, तर आधी दिसले पाहिजे.

वायपर खराब का होतो, हे जाणून घेणे उपयुक्त आहे. काचेला टेकणारी रबराची धार अत्यंत बारीक असते. ती वापराने झिजते, तशीच उन्हानेही कडक होते. ‘आठ महिने वायपर चालवलाच नाही, म्हणजे तो नवाच आहे’ हा हिशेब येथे चुकतो; चैत्र-वैशाखाच्या उन्हात उभ्या गाडीचे रबर न वापरताही म्हातारे होते. घोडबंदर रस्ता आणि कल्याण-शिळ रस्ता येथील बांधकामांची धूळ त्या धारेत रुतून बसते. कोरड्या काचेवर वायपर फिरवला, की हीच धूळ काचेवर कायमचे ओरखडे काढते. म्हणून धूळ वा चिखल असेल तेव्हा आधी पाणी सोडावे, मगच वायपर फिरवावा.

परीक्षा सोपी आहे. काच धुवावी, पाणी उडवावे आणि वायपर चालवून पाहावा. पाण्याच्या रेघा राहिल्या, मधला पट्टा पुसलाच गेला नाही, वायपर थरथरला किंवा करकरला, तर लगेच नवे ब्लेड आणण्याची घाई करू नये. आधी साबणाच्या सौम्य पाण्याने काच व रबराची धार ओल्या फडक्याने पुसावी. पुष्कळदा दोष रबराचा नसून काचेवर बसलेल्या तेलकट थराचा असतो. रॉकेल, डिझेल किंवा पेट्रोल रबराला कधीही लावू नये. त्याने रबर फुगते व फाटते. स्वच्छ केल्यावरही फरक पडला नाही किंवा धार चिरलेली दिसली, तर मात्र ब्लेड बदलावे. काही प्रकारांत नुसती रबरपट्टी बदलता येते. तशी सोय असेल, तर संपूर्ण ब्लेड टाकून देण्याचे कारण नाही.

दोन्ही बाजूंच्या ब्लेडची लांबी अनेक गाड्यांत वेगळी असते. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी दोन्ही मोजावीत. जुने ब्लेड काढताना काचेवर जाड घडीचे फडके पसरावे. ब्लेड निघाल्यावर वायपरचा दांडा स्प्रिंगच्या जोराने आपटला, तर काच तडकू शकते. नवे ब्लेड ‘टक्’ असा आवाज होईपर्यंत बसवून, हलकेच ओढून खात्री करावी. मागच्या काचेला वायपर असेल, तर त्याचीही हीच तपासणी करावी. उभट पाठीच्या गाड्यांत मागच्या चाकांचा चिखल त्या काचेवर फार उडतो. काच धुण्याच्या टाकीत घरच्याप्रमाणेच गाळलेले पाणी भरावे. बोअरवेलच्या जड पाण्यातील क्षार साचून फवाऱ्याची बारीक छिद्रे बुजतात.

पावसाळ्यापूर्वी ही तपासणी एकदा करावी आणि पुढे दर पंधरा दिवसांनी धार पुसावी. दुकानात वर्षभर होणाऱ्या खर्चापुढे ब्लेडच्या जोडीचा खर्च नगण्य आहे. तरीही घाटात कधी पाऊस आणि धुके असे दाटते, की नवे वायपरही अपुरे पडतात. अशा वेळी वेग कमी करावा आणि सुरक्षित जागा मिळताच रस्त्याच्या कडेबाहेर थांबावे. श्रावकाच्या बारा व्रतांत जाण्या-येण्याला मर्यादा घालणारे दिग्व्रत आहे. पुढचे दिसत नसताना थांबणे, हे त्या व्रताच्या भावनेशी सुसंगतच आहे. दर्शनाला तासभर उशीर झाला, तरी तीर्थ तेथेच असते.