रात्री दहाचे जेवण

चकलीची भाजणी दळून आणायचे दिवस आले की आमच्याकडे पुढल्या उन्हाळ्याच्या सुट्टीची चौकशी करणारी मंडळी येऊ लागतात. हे सदर मी लिहिते, तेव्हा माझ्यापाशी साऱ्या जगाचे वेळापत्रक असणारच, असा गिरगावापासून लालबागपर्यंतच्या आमच्या आप्तेष्टांचा ठाम समज आहे. यंदा एकापाठोपाठ एक तीन घरांनी स्पेनचे नाव काढले. एका घरातल्या मुलांनी २०११ सालचा ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ पाहिला आहे व त्यांना टोमॅटोंची रंगपंचमी खेळायची आहे. दुसऱ्या घरातल्या जावयांना फुटबॉलची मैदाने पाहायची आहेत. तिसऱ्या घरातल्या काकूंनी मात्र सरळ विचारले, “अगं, पण तिथे जेवायला काय मिळते?”

तिघांत शहाणपणाचा प्रश्न काकूंचा. त्यात एक दुरुस्ती तेवढी सुचवते. काय मिळते हे मागाहून विचारा, केव्हा मिळते ते आधी विचारा. ही दुरुस्ती मला फुकट मिळालेली नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात दादा, वहिनी, आमचे हे आणि मी असे चौघे स्पेनला गेलो होतो. दादा परळच्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झालेले. घड्याळाला किल्ली देणारे नव्हेत, घड्याळाने ज्यांच्याकडे पाहून वेळ लावावी असे. मधुमेह जुना. संध्याकाळी साडेसातला इन्सुलिन टोचायचे आणि वीस मिनिटांत ताटावर बसायचे, हा घरचा नेम. सेव्हिलमध्ये पहिल्याच संध्याकाळी त्यांनी नेमाप्रमाणे हॉटेलात इन्सुलिन घेतले आणि आम्ही नदीवरचा पूल ओलांडून त्रियाना नावाच्या जुन्या वस्तीत जेवायला निघालो. पहिल्या खाणावळीत खुर्च्या टेबलांवर पालथ्या. दुसरीत एक गृहस्थ लादी पुसत होते, त्यांनी नऊ बोटे दाखवली. तिसरीत माणसे होती, पण ती नुसती बसली होती. बाहेर ऊन तर असे, की आमच्या गिरगावात साडेपाच वाजले असावेत.

दादांना घाम फुटला. मला वाटले, उकाडा. त्यांचे बोलणे अडखळू लागले तेव्हा वहिनींनी ओळखले. त्यांनी दादांना समोरच्या बारमध्ये अक्षरशः ढकलले आणि गल्ल्यामागच्या माणसाला मराठीत ओरडून सांगितले, “साखर! साखर द्या लवकर!” त्या माणसाने क्षणभर पाहिले, “आसुकार?” म्हणाला, आणि साखरेच्या पुड्या व संत्र्याच्या रसाचा पेला पुढे सरकवला. पंधरावीस मिनिटांनी दादा माणसात आले. मग त्याने काचेखालचे बटाट्याचे जाड ऑम्लेट कापून दिले. पैसे घेतले ते तेवढ्या ऑम्लेटाचे.

त्या साखरेचे कोडे मी परत आल्यावर सोडवले. स्पॅनिश ‘आसुकार’ अरबीतून आला, अरबीत तो फारसीतून गेला, आणि त्याच्या मुळाशी आपली शर्करा आहे. वहिनी म्हणतात, मला तेव्हा व्युत्पत्ती माहीत नव्हती, नवरा माहीत होता.

तेव्हा घरात मधुमेहाचे कुणी असेल तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांकडे जा आणि त्यांना स्पष्ट सांगा, की दुपारचे जेवण अडीचला व रात्रीचे नऊनंतर होणार आहे. औषधाची वेळ आपल्या मनाने पुढेमागे करू नका. इन्सुलिन हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात टाकू नका. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी असावी. आणि खिशात ग्लुकोजच्या गोळ्या. हे चार नियम पाळले असते तर त्रियानाचा पूल मला आजही नुसता सुंदर म्हणून आठवला असता.

आता हा देश इतक्या उशिरा का जेवतो? काही दोष खरोखरीच घड्याळाचा आहे. नकाशा पाहा. माद्रिद लंडनच्याही पश्चिमेला आहे, पण १९४० साली फ्रँकोच्या राजवटीने घड्याळ एक तास पुढे करून ते जर्मनीशी जुळवले, आणि ते पुन्हा मागे आलेच नाही. उन्हाळ्यात त्यावर आणखी एक तास चढतो. त्यामुळे जूनमध्ये माद्रिदला सूर्य मावळायला पावणेदहा होतात. सूर्याच्या हिशेबाने पाहिले तर ही माणसे फारशी उशिरा जेवत नाहीत.

पाहुण्याने करावे काय? दुपारचे जेवण मुख्य करा. दोन ते साडेतीनच्या सुमारास खाणावळींच्या दारात फळ्यावर खडूने ‘मेनू देल दिया’ लिहिलेले दिसेल. ही आपली राइसप्लेट समजा. ठरावीक दरात पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, पाव, पेय आणि शेवटी गोड किंवा कॉफी. बहुधा हा प्रकार कामाच्या दिवशी दुपारीच मिळतो. त्या वेळात बरीच लहान दुकाने बंद असतात, म्हणून जेवून खोलीवर जावे आणि आडवे व्हावे. आमच्या वाडीतल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आल्या. सहाच्या सुमारास कॉफीबरोबर काही खावे, त्याला तिथे ‘मेरिएंदा’ म्हणतात. आठ वाजता कुठल्याही बारच्या काचेखाली तोर्तिया, म्हणजे ते बटाट्याचे ऑम्लेट, ऑलिव्ह, चीज असे काहीतरी तयार असते. बार म्हटल्यावर दचकू नका. तिथे आजीबाई नातवंडांना घेऊन बसतात, आणि कॉफी किंवा नुसते पाणी मागितले तरी कुणी भुवया उंचावत नाही. नळाचे पाणी पिण्याजोगे असते व २०२२ च्या कायद्याप्रमाणे उपाहारगृहाने ते फुकट द्यायचे असते. ‘आग्वा देल ग्रिफो’ म्हणावे.

शाकाहारी मंडळींनी मात्र डोळ्यांत तेल घालून राहावे. तिथे मांस नाही याचा अर्थ पुष्कळदा मोठा तुकडा नाही एवढाच होतो. मटारच्या उसळीत डुकराच्या मांसाचे कपटे निघतात, कोशिंबिरीवर ट्यूना मासा येतो, सालमोरेखो नावाच्या टोमॅटोच्या गार सारावरही खामोन, म्हणजे खारवलेले डुकराचे मांस, भुरभुरलेले असते. म्हणून “मी शाकाहारी” एवढे सांगून भागत नाही. “सिन कार्ने, सिन खामोन, सिन आतून, सिन पेस्कादो” अशी यादीच म्हणा. सिन म्हणजे शिवाय. निवडक सांगायचे तर सेव्हिलला पालक आणि काबुली चण्यांची भाजी मिळते, तिच्यात चक्क जिरे असते. कोर्दोव्याला मध किंवा काकवी घातलेली तळलेली वांगी खा. बार्सिलोनाकडे पावावर पिकला टोमॅटो चोळून ऑलिव्ह तेल घालतात, ते साधे, पण चवदार. ग्रानादात पेयाबरोबर खाण्याची छोटी बशी अजून फुकट येते, फक्त तिच्यात काय आहे ते आधी विचारावे.

एक गंमत ध्यानात ठेवा. आपला बटाटा पोर्तुगीजांकडून नावासकट आला. पण स्पेनमध्ये ‘बताता’ मागाल तर रताळे पुढे येईल. बटाट्याला ‘पताता’ म्हणावे. आणि ‘पान’ मागितले तर पाव येतो. ‘पगार’ म्हणजे पैसे चुकते करणे. तो शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला, आणि या दोन भाषा सख्ख्या बहिणी.

हे नाते नुसते शब्दांचे नाही. मुंबई-वसईची बेटे १५३४ पासून पोर्तुगालकडे होती हे आपण शाळेत शिकलो. पण १५८० नंतर साठ वर्षे पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्याच राजाच्या डोक्यावर होता, ते बहुधा सुटून गेले. दादरचे पोर्तुगीज चर्च १५९६ साली स्थापन झाले तेव्हा या सगळ्या बेटांचा धनी दुसरा फिलिप हा स्पेनचा राजा होता. आजची इमारत चार्ल्स कोरिया यांनी रचलेली, अगदी अलीकडली. तिथल्या बसथांब्यावर उभे राहून मी अर्धे आयुष्य काढले. धोबीतलावाच्या झेवियर कॉलेजचे नावही स्पेनमधल्याच एका गावाचे, कारण संत फ्रान्सिस तिथल्या खाव्हिएरच्या वाड्यात जन्मला. त्याच कॉलेजात फादर हेरास १९२२ मध्ये इतिहास शिकवायला आले. मूळचे बार्सिलोनाचे. सिंधू संस्कृतीच्या मुद्रा वाचण्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे घालवली आणि १९५५ मध्ये देह ठेवला तोही याच देशात. त्यांच्या नावाची संशोधन संस्था कॉलेजात आहे. एवढा माणूस तिकडून येऊन आपली पुराणे आणि नाणी अभ्यासतो, तर आपण निदान चार शब्द शिकून जावे असे मला वाटते.

आता नावांचा घोळ. स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावे असतात, पहिले वडिलांचे व दुसरे आईचे, आणि लग्नानंतर बाई आपली आडनावे बदलत नाही. आपले नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी त्रिपुटी पाहिली की तिथला कारकून मधले नाव आडनाव समजतो. दादांना चार दिवस एका हॉटेलात आमच्या कैलासवासी अण्णांच्या नावाने हाक मारत होते. हसण्यावारी नेले, पण ग्रानादाच्या अल्हाम्बरा राजवाड्याच्या तिकिटावर हे हसण्यावारी जात नाही. तिकीट नावावर असते, दारात पारपत्र पाहतात. तेव्हा पारपत्रावर आहे तसेच अक्षर न अक्षर भरा. आतल्या नासरी महालांना ठरलेल्या वेळीच प्रवेश आहे, ती वेळ चुकली की चुकली. तिकिटे कित्येक आठवडे आधी संपतात, म्हणून विमानाच्या पाठोपाठ ही तिकिटे काढावी.

त्रियाना ही फ्लामेंकोची जुनी वस्ती. दादा आमच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात, म्हणून त्यांना मुद्दाम घेऊन गेले. लहानशी खोली, एक गाणारा, एक गिटार, एक नाचणारी. ‘सोलेआ’ नावाचा प्रकार बारा मात्रांचा, पण जोर पडतो तो तीन, सहा, आठ, दहा आणि बारावर. दादा पहिली दहा मिनिटे बोटांवर मोजत होते. मग मोजणे सोडून त्यांनी डोळे मिटले. हे गाणे ज्या खितानो लोकांनी घडवले त्यांचे पूर्वज हजारएक वर्षांपूर्वी उत्तर हिंदुस्थानातून निघाले आणि पंधराव्या शतकात स्पेनला पोहोचले. भाषेच्या अभ्यासातून हे सिद्ध झाले आहे. नाच कथ्थकचाच असे मात्र म्हणू नये, त्यात अरबी, ज्यू, अंदालुसी पुष्कळ काही मिसळले आहे. तिथे एक पथ्य पाळा. गाणे चालू असताना टाळ्यांनी साथ करू नका. ती टाळी हे त्यांचे वाद्य आहे, चुकीच्या मात्रेवर पडली की गाणाऱ्याला टोचते. दाद द्यायची तर “ओले!” म्हणावे. आपण ‘वा’ म्हणतो तिथेच ते येते. दादांच्या तोंडून ‘क्या बात है’ निघाले, तेही चालले.

बाकीचे थोडक्यात. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. प्रौढांचे शुल्क ९० युरो, प्रवासी विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेऊन नोंद सुरू झाली, तेव्हा विमान बदलताना हाताशी वेळ ठेवा. बार्सिलोनाच्या रांब्लावर आणि भुयारी गाडीत पाकीटमार आहेत. ते आपल्या लोकलमधल्यांइतकेच तरबेज आहेत, सबब दादरकरांनी फार काळजी करू नये. माद्रिदचे प्रादो संग्रहालय शेवटचे दोन तास फुकट असते, तिथे गोयाच्या दालनात आधी जा. जुलै-ऑगस्टमध्ये सेव्हिल टाळा, चाळीस अंश तिथे नवलाचे नाहीत. ईस्टरआधीच्या आठवड्यात मिरवणुका पाहण्यासारख्या असतात, पण खोल्यांचे दर आकाशाला भिडतात.

टोमॅटोवाल्या मुलांसाठी वाईट बातमी अशी, की बुन्योल गावचा तो खेळ ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी असतो, आणि २०१३ पासून त्याला तिकीट आहे. म्हणजे शाळा चालू आणि गणपती तोंडावर. त्यांच्या आईने ही बातमी फारच आनंदाने ऐकली.

काकूंच्या पिशवीत काय असावे, तेही सांगते. युरोपात बाहेरून दूधदुभत्याचे पदार्थ नेण्यास बंदी आहे, त्यामुळे पेढे, बर्फी, खवा आणि तुपाची बरणी घरीच. हापूसची पेटी तर मुळीच नको. चिवडा, खाकरा, भाजलेले दाणे न्यावेत. साडेसात ते साडेनऊ या दोन तासांची सोय त्यात होते.