सरावाची रायफल : खर्च कोठे करावा?

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे ह्यांनी २०२४ साली पॅरिस येथे ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविल्यापासून भाईंदर-उत्तनकडील खातेदारांची मुलेही बावीस बोअरच्या रायफलीची चौकशी करू लागली आहेत. हौस स्तुत्य आहे. परंतु ही रायफल शेतराखणीची नव्हे, हे प्रथमच सांगितले पाहिजे. १९५९ च्या शस्त्र कायद्याने पीकरक्षणास ठासणीची बंदूक व निशाणाच्या सरावास, मान्य रायफल क्लबाच्या सभासदापुरती, बावीस बोअरची रायफल असा भेद केलेला आहे. तिच्या अडीच ग्रॅमच्या गोळीने रानडुकराचा निकाल लागत नाही, ते जखमी होऊन चवताळते मात्र; आणि चुकलेली गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. आमच्यासारख्या दाट वस्तीत बांधावर निशाण मांडणे म्हणजे शेजाऱ्याच्या जिवाशी खेळणे होय.

आता पैशाचा प्रश्न. रायफलीवर बेताचा व काडतुसांवर सढळ खर्च करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. ह्या काडतुसाचा पेटता मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो. आघाताने ती कड चेपते व टरफल पुन्हा भरता येत नाही. सबब प्रत्येक बार नवा खर्च. त्यातही 'हाय व्हेलॉसिटी' ह्या अक्षरांना भुलू नये. ध्वनीहून वेगाने सुटलेली गोळी वाटेत मंदावताना डळमळते. सेकंदास सुमारे ३२५ मीटर वेगाची साधी काडतुसेच निशाणास बरी. दोन-तीन जातींची दहा-दहा झाडून पाहावी, आणि ज्यांची छिद्रे जवळ पडतील त्याच खेपेचा साठा परवान्याच्या मर्यादेत घ्यावा.

परदेशी रायफलीची आयात सामान्य परवानाधारकास खुली नाही. तेव्हा ईशापूरच्या सरकारी कारखान्याची साधी बोल्टची रायफल, अथवा परवान्याने हस्तांतरित होणारी जुनी. जुनी घेताना नळी उजेडाकडे धरून पाहावी व नळीचे तोंड चेपलेले नाही ना, हे बोट फिरवून पाहावे. आमच्या मिठागरांच्या हवेत एक पावसाळा खोळीत पडून आतून गंजलेली रायफल आम्ही स्वतः पाहिली आहे. लाकूड मात्र तिचे नव्यासारखे होते!

तथापि पहिले वर्ष रायफल घेऊच नये. वरळीस महाराष्ट्र रायफल असोसिएशनचे मैदान आहे. तेथे किंवा अन्य क्लबात १० मीटरवर हवेच्या बंदुकीने हात बसवावा. तिचे ४.५ मिलिमीटरचे छर्रे फार स्वस्त पडतात. हात बसल्यावर क्लबाचे पत्र घेऊन, २०२० साली स्थापन झालेल्या मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाकडे परवान्याचा अर्ज करावा.