थेंबाथेंबाचा हिशेब आईलाही हवा

"हिच्याच अंगात रक्त नाही, मग बाळाला कुठून येणार?" रुग्णालयात काम करताना हे वाक्य मी सासरच्यांच्या तोंडून वारंवार ऐकते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला रक्त द्यायची वेळ आली की दोष बाईच्या माथी.

खरं कारण काय? ८०० ग्रॅमच्या बाळाच्या अंगात जेमतेम ७० ते ८० मिलिलिटर रक्त असतं. कटिंग चहाएवढं! तपासणीसाठी त्यातलं एक मिलिलिटर काढणं म्हणजे मोठ्या माणसाचं साठ-सत्तर मिलिलिटर काढण्यासारखं. साखर, कावीळ, जंतुसंसर्ग, प्राणवायू यांच्या तपासण्या गरजेच्याच असतात. पण या बाळांना नव्या लाल पेशी पुरेशा वेगाने तयार करता येत नाहीत आणि शेवटच्या महिन्यांत आईकडून मिळणारं लोहही मिळालेलं नसतं. काढलेलं रक्त भरून निघत नाही, मग बाहेरून द्यावं लागतं.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. तो तिच्यावरचा अन्याय आहे, तिचा गुन्हा नव्हे.

हे रक्त वाचवता येतं. बाळाची प्रकृती ठीक असेल तर नाळ निदान मिनिटभर थांबून बांधावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पहिल्या तपासण्यांसाठी वारेत उरलेलं रक्त वापरता येतं. छोट्या नळ्या वापरता येतात, अनावश्यक तपासण्या टाळता येतात. एकाच दात्याची पिशवी लहान भागांत विभागून त्याच बाळाला पुन्हा देता येते. अमेरिका आणि युरोपातल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या अभ्यासांत असंही दिसलं, की हिमोग्लोबिन थोडं अधिक उतरेपर्यंत थांबून रक्त दिल्याने दोन वर्षांपर्यंत बाळांच्या जगण्यात वा वाढीत फरक पडला नाही.

पण हे आईला सांगतं कोण? ती टाके घेऊन दुसऱ्या वॉर्डात. संमतीच्या कागदावर सही नवऱ्याची, रक्तासाठी धावपळ भावाची. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाच्या तपासण्या आणि रक्त मोफत देण्याची तरतूद २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आहे, हेही तिला ठाऊक नसतं.

म्हणून आपली मागणी साधी आहे. रोज किती रक्त काढलं, किती दिलं, का दिलं, याची नोंद बाळाच्या तक्त्यावर असावी. आणि ती आईला, तिच्या भाषेत, तिच्या खाटेपाशी येऊन समजावून सांगावी. उपकार म्हणून नव्हे, तिचा हक्क म्हणून.