आधी ट्रायपॉड, मग लेन्स
रात्रीच्या आकाशाचे फोटो काढायचे म्हटले की आपण नाशिककर आधी महागड्या लेन्सची चौकशी करतो. माझ्या मते ते पैसे दणकट ट्रायपॉड आणि पेट्रोलवर घालवावेत. शहराच्या झगमगाटापुढे कुठल्याच लेन्सची मात्रा चालत नाही. आकाशगंगेचा सर्वांत दाट भाग मूळ नक्षत्राजवळ, म्हणजे दक्षिणेकडे दिसतो. त्यामुळे नाशिकचा उजेड पाठीशी राहील अशा भंडारदऱ्याच्या बाजूला जावे. मे महिन्यातली अमावास्या गाठावी (कालनिर्णय भिंतीवर असतेच), कारण जूनमध्ये ढग आले की दिवाळीच्या तोंडापर्यंत दुकान बंद. कॅमेऱ्याबरोबर मिळालेली १८ मिमीची साधी लेन्सही सुरुवातीला पुरते. फोकस मॅन्युअलवर घ्या, स्क्रीनवर एखादा ठळक तारा मोठा करून पाहा आणि तो टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत रिंग अगदी हलक्या हाताने फिरवा. अॅपर्चर पूर्ण उघडे, आयएसओ ३२००, शटर १५ सेकंद. त्याहून फार ताणलेत तर पृथ्वीच्या फिरण्यामुळे ताऱ्यांच्या रेघोट्या होतात. रेघोट्याच हव्या असतील तर सरळ उत्तरेकडे वळा. इथून ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम २० अंशांवर, हात लांब करून धरलेल्या दोन मुठींएवढा वर असतो. एकामागून एक फोटो घेत राहिलात, तर तासाभरात प्रत्येक तारा त्याच्याभोवती १५ अंशांचा कंस काढतो. जोडकाम नंतर घरी संगणकावर. गोदाकाठच्या उसाच्या पट्ट्यात मात्र एकट्याने ट्रायपॉड लावू नका, तिकडे बिबट्याचा वावर आहे.