गर्दी कहाणीने जमते, न्याय साक्षीने मिळतो

नोव्हेंबर 2017 मध्ये अहमदनगरच्या सत्र न्यायालयात काही दिवसांच्या अंतराने दोन निकाल लागले. कर्जत तालुक्यातील कोपर्डीच्या अल्पवयीन मुलीवरील अत्याचार आणि खुनाच्या खटल्यात तिघांना फाशीची शिक्षा झाली. जामखेड तालुक्यातील खर्डा येथे एप्रिल 2014 मध्ये एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला होता. त्या खटल्यातील आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार एकामागोमाग एक फितूर झाले होते.

दोन्ही घरांतले दुःख डोळ्यांत पाणी आणणारे होते. लोक खर्ड्यासाठीही रस्त्यावर उतरले होते. पण कोर्टाला हुंदका ऐकू येत नाही. कोपर्डीत सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी परिस्थितीजन्य पुराव्यांची साखळी उभी केली. खर्ड्यात साक्ष टिकली नाही, कारण गावात राहूनच गावाविरुद्ध बोलायचे असते. त्या साक्षीदारांच्या पाठीशी शेवटपर्यंत कोण उभे होते, हा प्रश्न प्रत्येक चळवळीने स्वतःला विचारायला हवा.

हा प्रश्न आपलाही आहे. 2 जून 2014 रोजी पुण्याच्या हडपसरमध्ये जमावाने एका तरुण मुस्लिम अभियंत्याला ठार केले. त्याची कहाणी देशभर सांगितली गेली. जानेवारी 2023 मध्ये पुराव्याअभावी सगळे आरोपी सुटले. मधल्या साडेआठ वर्षांत आपण किती फोटो शेअर केले आणि किती तारखांना कोर्टात हजर राहिलो?

कोपर्डीकडून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. 2016 चे मराठा मूक मोर्चे शिस्तीचा आदर्श होते. घोषणा नाहीत, पुढे मुली. अनेक शहरांत मुस्लिम तरुणांनी मोर्चेकऱ्यांना पाणी दिले. पण दोषींना शिक्षा द्या या मागणीसोबत अॅट्रॉसिटी कायद्यात बदलाची मागणीही आली. गुन्हा तिघांचा होता. धास्ती मात्र दलित वस्त्यांनी घेतली. कहाणीतला राग गुन्हेगारावरून त्याच्या जातीकडे सरकायला वेळ लागत नाही. हेच हत्यार एखाद्या मुस्लिम आरोपीचे नाव पुढे करून आपल्यावर रोज चालवले जाते. म्हणूनच ते आपण कुणावर चालवता कामा नये.

भावनेला कमी लेखू नका. आकडेवारी वाचून कुणी मोर्चात येत नाही. एका आईचे बोलणे ऐकून येतो. पण व्हिडिओ पुढे पाठवण्यापूर्वी कुटुंबाची संमती घ्या, घटनेची खातरजमा करा, आरोपी कोण ते नेमके सांगा आणि मागणी स्पष्ट ठेवा. मग वकील, तारखा, साक्षीदाराचा प्रवासखर्च आणि त्याची सुरक्षा यांची जबाबदारी वाटून घ्या.

साक्ष लपवू नये, हे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. साक्ष देणाऱ्याला एकटे सोडू नये, हेही आता शिकायला हवे.