चूक कोणाची?

विमान कोसळते, तरुण वैमानिक प्राणास मुकतो आणि चौकशीच्या कागदावर दोन शब्द उमटतात : ‘मानवी चूक’. मृताला प्रतिवाद करता येत नाही, हीच या निष्कर्षाची सोय!

युद्धकाळात घाई असते, हे मान्य. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बाँबर दलाचे सुमारे 55,500 हवाई सैनिक कामी आले. त्यांपैकी 8,000हून अधिक प्रशिक्षणातील व अन्य अपघातांत गेले. परंतु शांततेच्या काळात आम्हांला कसली घाई होती? येथे बळी घेतले ते दिरंगाईने.

याच बंगळुरात डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली घडलेले ‘एच. टी. 2’ हे शिकाऊ विमान 1951 साली आकाशात झेपावले. तेव्हा कर्तृत्वाची वाण नव्हती. तरीही प्रगत जेट प्रशिक्षण विमानाची निकड ला फाँटेन समितीने 1982 साली सांगितली आणि ‘हॉक’चा करार झाला 2004 साली! ती 22 वर्षे कोवळे वैमानिक मंदगती विमानांवरून मिग-21च्या भयंकर वेगाला सामोरे गेले. 2001 साली सुरतगडला फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ गेले. दोष त्यांच्याच माथी आला. मातोश्री कविता गाडगीळ झुंजल्या, तेव्हा कोठे तो बट्टा पुसला गेला.

आपण परमुलखात सरकारी चाकरी करणारी माणसे. फाइलीवर ‘पुनर्विचारार्थ’ असा शेरा मारताना तिच्याखाली कोणाचे आयुष्य अडकले आहे, हे पाहणे आपले काम नव्हे काय? चूक मानवी असेलही. पण ती केवळ वैमानिकाच्या आसनावरच शोधावी, कचेरीतील खुर्चीवर शोधू नये, हा दंडक कोणी घातला?