कॉन्ट्रास्टचे इंजेक्शन आणि मूत्रपिंड



सीटी स्कॅनपूर्वीचे इंजेक्शन मूत्रपिंडे निकामी करते, हा गेल्या अंकातील लेखाचा सरसकट निष्कर्ष वस्तुस्थितीस धरून नाही. लेखकाने ज्या जुन्या निरीक्षणांचा हवाला दिला आहे, त्यांपैकी बहुतेकांत इंजेक्शन न घेतलेल्या तितक्याच आजारी रुग्णांशी तुलनाच नव्हती. ती झाली तेव्हा इंजेक्शनमधील आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट द्रव्याचा दोष पूर्वी मानला जाई त्याहून पुष्कळच कमी भरला, आणि २०२० साली अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञ व मूत्रपिंडतज्ज्ञ यांच्या संस्थांनी संयुक्त निवेदनात तसे नमूद केले. ज्यांच्या मूत्रपिंडांची गाळणक्षमता (eGFR) ३० च्या खाली आहे किंवा ज्यांच्या मूत्रपिंडांना नुकतीच तीव्र इजा झाली आहे, त्यांच्याबाबत धोका खराच आहे, एवढे मी मान्य करतो.

परंतु मधुमेही म्हणून स्कॅन टाळावे, हा सल्ला घातक होय. निदानच लांबले तर रुग्ण कशाने वाचणार? मधुमेहावरील मेटफॉर्मिन हे औषध मूत्रपिंडास अपाय करते, हेही विधान चुकीचे. मूत्रपिंडे दुबळी असता ते शरीरात साचते, म्हणून अशा रुग्णांत स्कॅननंतर ४८ तास थांबवितात, इतकेच.

आपल्या जिल्ह्यात वैशाखाच्या उन्हात परंडा-भूमकडून स्कॅनसाठी सोलापूरची वाट धरणारा, पाण्याचा घोटही न घेतलेला आणि गुडघेदुखीच्या गोळ्या नित्य गिळणारा वृद्ध, हा लेखकाने विचारात घ्यावयास हवा होता. त्याला आधी क्रिएटिनीनची तपासणी आणि डॉक्टरांच्या अनुमतीने पुरेसे पाणी हवे, भीती नको.

आपला,
एक वाचक, धाराशिव